लॉग टेबल ते सायंटिफिक कॅल्क्युलेटर: बटणांमागचा इतिहास



उन्हाळ्याची सुट्टी संपत आली, की ज्यांची मुलं ब्रुगक्लासमध्ये जाणार असतात त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो. "शाळेच्या यादीत सायंटिफिक कॅल्क्युलेटर लिहिलाय, कुठला घ्यायचा?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, जरा कुरकुरीच्या सुरातला. "बाराव्या वर्षीच हातात कॅल्क्युलेटर दिला, तर पोरं गणित शिकणार कधी?"

पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे. शाळेने मॉडेल सांगितलं असेल तर तेच घ्या, म्हणजे शिक्षक वर्गात जे बटण दाखवतील ते मुलाला त्याच जागी सापडेल.

दुसऱ्याचं उत्तर लांब आहे. ते सुमारे साडेचारशे वर्षं मागे जातं, आणि त्यातला बराच भाग आपण राहतो त्याच देशात घडलेला आहे. चहा घेऊन बसा.

आधी आपण कसे शिकलो ते आठवू

महाराष्ट्र बोर्डातून बारावी सायन्स केलेल्यांना फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरवरची सूचना आठवत असेल. लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. मग २३.४५ गुणिले ०.०६७८ असं काही आलं, की ते पातळ पुस्तक उघडायचं. २३ च्या ओळीत ४ चा रकाना, त्यात मीन डिफरन्स मिळवायचा, ३७०१. दुसऱ्या संख्येसाठी ६७ ची ओळ, ८ चा रकाना, ८३१२. पण एवढ्यावर काम होत नव्हतं. पहिल्याच्या पुढे १ आणि दुसऱ्याच्या पुढे "बार टू" आपल्याला स्वतःला लावावं लागायचं. बेरीज केली की ०.२०१३, आणि अँटिलॉग घेतला की १.५९०.

तो पुढचा आकडा म्हणजे कॅरॅक्टरिस्टिक. तो टेबलात कुठेच छापलेला नसायचा. संख्या दहाच्या घरातली आहे, शंभराच्या, की शंभरांशाच्या, हे विद्यार्थ्याने डोळ्यांनी बघून ठरवायचं. अंक टेबलाने द्यायचे, आकारमान आपण. ही वाटणी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचं आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांकडे तर पुस्तकही नव्हतं. त्यांची टेबलं तोंडात होती. तीसपर्यंत पाढे, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. कापडाच्या किंवा धान्याच्या दुकानात साडेतीन रुपये भावाने सतरा नग झाले तर किती, हे कागदाशिवाय सांगता यायचं. म्हणजे हिशेब करून ठेवलेली उत्तरं जवळ बाळगायची आणि लागतील तेव्हा काढायची, ही गोष्ट नवी नाही. आजोबांनी ती पाठ केली, आपण कागदावर बघितली, मुलं बटणाने काढतात.

आता एकेक बटण घेऊ.

दशांश चिन्ह: सिमॉन स्टेविन, १५८५

टाइमटेबलवर गणितासाठी "विस्कुंडे" हा शब्द असतो. युरोपातल्या बहुतेक भाषा मॅथेमॅटिक्सचंच काहीतरी रूप वापरतात, डच मात्र नाही. या शब्दाचं मूळ सिमॉन स्टेविनकडे जातं. "विस" म्हणजे निश्चित. जे नक्की कळतं त्याचं शास्त्र ते विस्कुंडे.

स्टेविन मूळचा ब्रुजचा, म्हणजे आजच्या बेल्जियममधला. नंतर तो उत्तरेकडे येऊन लायडनमध्ये राहिला आणि राजपुत्र मॉरिट्सचा गणिताचा शिक्षक झाला. १५८५ मध्ये लायडनला त्याची "दे तीन्दे" ही छोटीशी पुस्तिका निघाली. अर्थ सोपा, दहावा भाग. खगोलशास्त्रज्ञ, जमीन मोजणारे, गालिचे मोजणारे, दारूची पिंपं मोजणारे, नाणी पाडणारे आणि व्यापारी अशा सगळ्यांना उद्देशून ती लिहिली होती. सांगणं एवढंच, की पाव, तृतीयांश, सतरांश अशा अपूर्णांकांशी झटापट करू नका. सगळे भाग दहांश, शतांश, सहस्रांशात लिहा, म्हणजे पूर्ण संख्यांची असते तशीच बेरीज-वजाबाकी-गुणाकार करता येईल.

दशांश अपूर्णांक त्याच्याआधी चीनमध्ये आणि अरबी गणितातही होते. पण युरोपातल्या कामकरी माणसापर्यंत ते पोचवले स्टेविनने, आणि तेही लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या बोलीत. तो बिंदू किंवा स्वल्पविराम मात्र वापरत नव्हता. प्रत्येक अंकाशेजारी वर्तुळात स्थानाचा क्रमांक लिहायचा. बिंदू आणि स्वल्पविराम नंतर आले, आणि त्यावर युरोपचं आजही एकमत नाही.

आपल्या घरात हा घोळ रोज चालू असतो. इथे १,५ म्हणजे दीड आणि १.५०० म्हणजे पंधराशे. मुलाच्या पुस्तकात ३,१४ छापलेलं, कॅल्क्युलेटर बहुधा ३.१४ दाखवतो, आणि भारतातून आजोबा फोनवर १,५०,००० म्हणतात. काही मॉडेलमध्ये सेटअपमध्ये जाऊन बिंदूचा स्वल्पविराम करता येतो. तो करा किंवा करू नका, पण मुलाशी एकदा बसून हे तिन्ही प्रकार कागदावर लिहून बघा. पहिल्या वर्षातले कितीतरी गोंधळ इथेच मिटतील.

लॉगचं बटण: गौडा, १६२८

गौडा म्हटलं की आपल्याला चीज आठवतं. पण आपण बारावीत वापरलेल्या लॉग टेबलाचा वंशवेलही याच गावातून जातो.

लॉगरिदमची कल्पना स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये मांडली. गुणाकाराची बेरीज करायची, भागाकाराची वजाबाकी. इंग्लंडच्या हेन्री ब्रिग्जने ती दहाच्या पायावर आणली आणि १६२४ मध्ये चौदा दशांश स्थळांपर्यंतचं टेबल छापलं. पण ते अपुरं होतं. १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० एवढंच. मधले ७०,००० आकडे मोकळे.

ते भरले गौड्याच्या दोघांनी. एझेकिएल दे डेकर हा जमीन मोजणारा आणि हिशेब शिकवणारा. आद्रियान व्लाक हा लॅटिन जाणणारा, पुढे पुस्तकांच्या धंद्यात गेलेला. १ ते १,००,००० पर्यंतचं सलग टेबल, दहा दशांश स्थळांपर्यंत, १६२७ मध्ये दे डेकरच्या डच पुस्तकात आलं. पुढच्या वर्षी व्लाकच्या नावाने ते लॅटिनमध्ये निघालं आणि युरोपभर पोचलं. एकेक आकडा हाताने काढलेला.

त्यानंतर जवळपास तीनशे वर्षं जगात जी लॉग टेबलं छापली गेली, त्यातली बरीचशी शेवटी व्लाक आणि ब्रिग्जवरच आधारलेली होती. हे कळलं कशावरून? चुकांवरून! चार्ल्स बॅबेजने १८२७ च्या सुमाराला निरनिराळ्या देशांतली टेबलं ताडून पाहिली, तर व्लाकच्या चुका त्याच जागी पुन्हा पुन्हा आलेल्या. अगदी एका चिनी टेबलातसुद्धा. कॉपी पकडायची युक्ती जुनीच आहे. याच बॅबेजने आयुष्य घातलं ते टेबलं न चुकता काढून छापणारं यंत्र बनवण्याच्या खटपटीत. म्हणजे गणकयंत्राची गरजच मुळात टेबलातल्या चुकांतून निघाली.

मुलाला करून दाखवण्यासारखं: लॉग २ दाबा, ०.३०१० येईल. लॉग ३ दाबा, ०.४७७१. बेरीज ०.७७८१. आता लॉग ६ दाबा. शेवटच्या अंकातला फरक सोडला तर तेच. दोन त्रिक सहा ही गुणाकाराची गोष्ट बेरजेत उतरलेली मुलाला दिसते.

आणि खास आपल्यासाठी एक सूचना. लॉग ०.०६७८ दाबलं की कॅल्क्युलेटर उणे १.१६८८ दाखवतो, आपल्याला तर बार टू पॉइंट ८३१२ पाठ. दोन्ही एकच आहेत. उणे २ मध्ये ०.८३१२ मिळवा, उणे १.१६८८ च येतं. आपण उणे चिन्ह फक्त पूर्णांकाच्या डोक्यावर ठेवायचो, यंत्र ते सगळ्या संख्येला लावतं. मुलासमोर "हा चुकीचं दाखवतोय" म्हणायच्या आधी हे आठवा!

साइनचं बटण: आर्यभट, पाटण आणि लायडन

साइन हा शब्द आपल्याकडून गेला आणि वाटेत हरवून वेगळाच होऊन परत आला. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात ज्या म्हणतात. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये अर्ध्या ज्येचं कोष्टक दिलं. अरबीत ते "जीबा" झालं. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात, त्यामुळे पुढच्या वाचकांनी ते "जैब" असं वाचलं. जैब म्हणजे कपड्याची घडी, उराजवळची पोकळी. आपल्या हिंदीतला "जेब" तोच. बाराव्या शतकात भाषांतरकारांनी त्याचं लॅटिन केलं सायनस, त्याचं झालं साइन.

आर्यभटाची त्रिज्या होती ३४३८. हा आकडा कुठून आला? वर्तुळाचे २१,६०० कलांचे भाग करायचे (३६० अंश गुणिले ६०) आणि त्याला दोन पायने भागायचं, ३४३७.७ येतं. त्याची पहिली ज्या ३ अंश ४५ कलांची, किंमत २२५. कॅल्क्युलेटरवर साइन ३.७५ गुणिले ३४३८ करा, २२४.८६ येईल. मग साइन ३० गुणिले ३४३८ करा, बरोबर १७१९. आर्यभटाच्या कोष्टकातही आठव्या जागी हीच संख्या मिळते. पंधराशे वर्षांपूर्वीचा गृहपाठ मुलाला अर्ध्या मिनिटात तपासता येतो, आणि तो बरोबर निघतो.

महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर भास्कराचार्य. जन्म १११४, लीलावती ११५० मधली. चाळीसगावजवळच्या पाटण गावी, पाटणादेवीच्या परिसरात, एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. हा लेख अभ्यासकांच्या नजरेला आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. दोन कोनांच्या बेरजेची ज्या कशी काढायची, हा आपण अकरावीत घोकलेला नियम भास्कराचार्यांनी दिलेला आहे. पुढच्या भारतवारीत मुलांना वेरूळ दाखवायला नेणार असाल, तर वाट थोडी वाकडी करून पाटणला जरूर जा.

आणि लायडन? फिजिक्समधला स्नेल्स लॉ आठवतो ना, साइन आय भागिले साइन आर? तो स्नेल म्हणजे लायडनचा विलेब्रोर्ड स्नेलियस. चर्चच्या मनोऱ्यांमधले कोन मोजून, त्रिकोणांची साखळी बांधत त्याने आल्कमार ते बेर्गेन ऑप झोम हे अंतर काढलं आणि त्यावरून पृथ्वीचा आकार. पुस्तक निघालं १६१७ मध्ये. पुढे भारतात ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे झाला तो याच पद्धतीने.

या बटणाची खोड अशी, की साइन ३० ची तीन उत्तरं येऊ शकतात. ०.५, उणे ०.९८८ आणि ०.४५४. तिन्ही बरोबर! पहिलं अंशांत, दुसरं रेडियनमध्ये, तिसरं ग्रेडियनमध्ये, जिथे काटकोनाचे शंभर भाग असतात. त्रिकोणमिती सुरू झाली, की परीक्षेच्या आधी साइन ३० दाबून बघायची सवय लावा. ०.५ आलं तर यंत्र अंशांत आहे.

पायचं बटण: तलवारबाजीचा मास्तर

हे बटण दाबलं की ३.१४१५९२६५४ येतं. आर्यभटाकडे ३.१४१६ होतं. लीलावतीत दोन किमती आहेत. कामचलाऊ २२/७ आणि सूक्ष्म ३९२७/१२५०, म्हणजे पुन्हा ३.१४१६.

लुडॉल्फ फान कोलेन हा जर्मनीतल्या हिल्डेसहाइमचा. डेल्फ्टमध्ये येऊन तो गणित आणि तलवारबाजी दोन्ही शिकवायचा. वर्तुळात बहुभुजाकृती काढायची आणि बाजू दुप्पट, दुप्पट करत जायच्या, या आर्किमिडीजच्या वाटेने त्याने १५९६ मध्ये पायची वीस दशांश स्थळं छापली. त्यासाठी घेतलेल्या आकृतीला ५१५ अब्जांहून जास्त बाजू होत्या. अर्थात कागदावर काढलेल्या नव्हेत, हिशेबातल्या. मरेपर्यंत तो पस्तीस स्थळांपर्यंत पोचला. १६१० मध्ये लायडनला वारला आणि पीटर्सकेर्कमध्ये त्याच्या थडग्यावर ते अंक कोरले. तो दगड पुढे हरवला, २००० साली नवा बसवला गेला. लायडनला गेलात तर मुलांना दाखवा. एका माणसाची उमर आणि एका बटणाचा क्षण, दोन्ही शेजारी ठेवून.

आकडेमोड करणारी माणसं

केरूनाना छत्रे आपल्याला लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून माहीत असतात. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केलेल्या या माणसाने १८६० मध्ये "ग्रहसाधनाची कोष्टके" मराठीत आणली. ग्रह आकाशात कुठे असेल ते काढण्याची टेबलं, तुमच्या-आमच्या भाषेत. स्टेविनने डचमध्ये जे केलं त्याच जातीचं काम.

अॅमस्टरडॅममध्ये १९४६ ला माथेमाटिश सेंट्रुम ही संस्था सुरू झाली. तिथे शाळा संपवून आलेल्या तरुण मुली टेबलावरच्या यंत्रांवर दिवसभर आकडेमोड करायच्या. त्यांना "रेकनमाइशेस" म्हणत, हिशेब करणाऱ्या मुली. फोकर कंपनीच्या विमानांच्या पंखांचे हिशेब त्यांच्या हातून गेले. पहिले डच संगणक याच संस्थेत बनले, आणि कोणता हिशेब कोणत्या पायऱ्यांनी करायचा हे त्याआधी या मुलींच्या कागदांवर उतरलं होतं.

मग १९७२ मध्ये अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डने एचपी-३५ आणला. खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, पस्तीस बटणं म्हणून ३५. किंमत ३९५ डॉलर. त्यात व्लाकचं लाख आकड्यांचं टेबल कुठे मावणार? म्हणून त्यात मोजकेच आकडे साठवले होते आणि बाकी सगळं बेरीज, वजाबाकी आणि अंक सरकवणं यावर निभावलं. पोटात पुन्हा एक छोटं कोष्टकच! आणि कोष्टक म्हटलं की चूकही आली. २.०२ चा नॅचरल लॉग घेऊन तो उलटा फिरवला की २.०२ ऐवजी २ यायचं. चूक कळल्यावर कंपनीने यंत्रं बदलून द्यायची तयारी दाखवली.

चारच वर्षांत, १९७६ मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-३० पंचवीस डॉलरच्या आसपास मिळू लागला. स्लाइड रूल बघता बघता कपाटात गेले. इथे १९९० च्या दशकाच्या शेवटी हावो-व्हेवेओच्या वरच्या वर्गांत ग्राफिक कॅल्क्युलेटरही आला. आपल्या बोर्डाने लॉग टेबल ठेवलं. दोन देशांनी दोन वाटा घेतल्या आणि आपलं घर त्या दोन्हींच्या मध्ये आहे.

मग काय हरवलं?

आता सुरुवातीची वाटणी आठवा. टेबल अंक द्यायचं, आकारमान आपण ठरवायचो. स्लाइड रूललाही दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते कळत नसे, ते इंजिनियरच्या डोक्यात असायचं. कॅल्क्युलेटर पहिल्यांदाच दोन्ही देतो, अंकही आणि आकारमानही. त्यामुळे जे काम आपल्याला सक्तीने करावं लागलं ते मुलाला करावंच लागत नाही. गमावण्यासारखं काही असेल तर ते हे. बटणं दाबल्याने मूल "ढ" होत नाही. उत्तर किती मोठं यायला हवं हे आधी न ठरवल्याने मात्र फसतं.

आणि हेच आपल्याला देता येण्यासारखं आहे. डच शाळेतला भागाकार आपल्या भागाकारासारखा दिसत नाही, शब्द वेगळे, चिन्हं वेगळी. बरेच आईबाबा "मला तुमचं हे कळत नाही" म्हणून बाजूला होतात. होऊ नका. अंदाजाला भाषा लागत नाही, आणि इथल्या शाळेतही अंदाजाने हिशेब करणं शिकवतात.

घरी एक तास काढून एवढं करा

१. बरोबरच्या चिन्हाआधी अंदाज. "उत्तर दहात, शेकड्यात, की एकापेक्षा कमी?" मुलाने तोंडाने सांगायचं, मगच दाबायचं. तोच आपला जुना कॅरॅक्टरिस्टिक.

२. क्रम. आपलं कंचेभागुबेव, जुन्या डच शाळांमधले मेनेर फान डालेन. त्या जुन्या डच नियमात गुणाकार भागाकाराच्या आधी यायचा, म्हणजे १२ ÷ २ × ३ चं उत्तर २. आज शाळेत आणि कॅल्क्युलेटरवर डावीकडून उजवीकडे, उत्तर १८. शेजारच्या डच आजोबांचं उत्तर वेगळं आलं तर कारण हे. आणि इथे भागाकाराला दोन टिंबं लिहितात, गुणोत्तर समजू नका.

३. कंस. उणे ३ चा वर्ग असाच दाबला तर बहुतेक यंत्रं उणे ९ देतात. उणे ३ कंसात घातलं तर ९. वजाबाकीचं बटण आणि ऋण संख्येचं बटण वेगळं असतं, तेही दाखवा.

४. अपूर्णांक आणि दशांश यांची अदलाबदल करणारं बटण शोधा. पाऊणकी आणि सवायकी मुलाला इथेच सांगा. पाऊण ०.७५, सव्वा १.२५, औट ३.५.

५. दहाच्या घाताचं बटण. प्रकाशाचा वेग ३ गुणिले १० चा ८ वा घात, सेकंदाला मीटरमध्ये. यासाठी गुणिले, १०, मग घात असं दाबत बसू नका, भागाकारात फसाल. एकच बटण असतं.

६. साइन ३०. रोज नाही, पण परीक्षेआधी नक्की.

"आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय शिकलो" हे आपलं वाक्य पूर्ण खरं नाही. आपल्याही हातात गौड्याच्या व्लाकची मेहनत होती, फक्त कागदावर. मुलाच्या हातात तीच प्लॅस्टिकच्या डबीत आहे. आकारमान ठरवायचं काम तेव्हाही माणसाचं होतं, आजही आहे.

तुमच्या माळ्यावर जुनं लॉग बुक किंवा आजोबांचा स्लाइड रूल असेल तर खाली फोटो टाका. आणि ज्यांची मुलं यंदा ब्रुगक्लासला आहेत त्यांना ही पोस्ट पाठवा.